सीनपुरता हार

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून रोज लिहायचं. मोजकं लिहायचं. रडगाणं लिहायचं नाही.

वरच्या खोलीतली मिनल खाली आली होती. दोन वर्षांपासून भाड्याने राहते, मुलांच्या शिकवण्या घेते. सोबत तिची मैत्रीण काजल आणि तो पिंटू. पिंटू बुटीबोरीला कारखान्यात आहे, रविवारी मोकळा असतो. तिघं मिळून वेबसिरीज करणार आहेत. म्हणजे मोबाईलवर पाहायची मालिका, पण टीव्हीसारखी नातवंडं होईपर्यंत चालत नाही, चार भागांत संपते. नाव ‘वरच्या खोलीतले’. तीन मित्र भाड्याच्या खोलीत राहतात. काम नाही. खातात, भांडतात, हसतात. कोणी कंपनी पाठीशी नाही, सगळं स्वतःचं स्वतः. त्यासाठी माझं घर पाहिजे.

विचार करून सांगते म्हटलं. लगेच हो म्हटलं तर आपल्याला दुसरा उद्योग नाही असं दिसतं. तिघं जिन्याच्या चौथ्या पायरीवर असताना हाक मारून हो म्हटलं.

संध्याकाळी पुण्याहून वैभवचा फोन. तेच ते. आई, एकटी काहून राहते, खालचं घरही भाड्याने देऊ, तू इकडे ये. मग सूनबाईने, मयुरीने, फोन घेऊन आग्रह केला. चांगली आहे ती. मी म्हटलं, मला यायचंच आहे. पण घरात शूटिंग लागलं आहे. ते झालं की दुसऱ्या दिवशी निघते.

दुसरं काही कारण नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मिनलने कथा वाचायला दिली. शाळा मी चौथीपर्यंतच केली. बाकीचं वाचन खापरखेड्याला, वीज केंद्राच्या कॉलनीतल्या वाचनालयात. हे पाळीवर गेले की मी तिथे. त्यामुळे कथा कुठे कच्ची आहे ते मला कळतं.

कच्ची आहे. तीन जण चार भाग एका खोलीत राहतात आणि एकदाही कोणी झाडू मारत नाही. भाजी कुठून येते ते कळत नाही. खाली खडूस घरमालक राहतो. तो पहाटे उठून वरच्यांसाठी टाकी भरतो, खोकतो, दिवे बंद करा म्हणून ओरडतो. मुलं त्याच्या नकला करतात. चौथ्या भागात तो मरतो आणि टाकी रिकामी राहते, तेव्हा मुलांना कळतं. म्हातारा नट मिळत नाही म्हणून घरमालक दिसतच नाही. त्याचा खोकला पिंटू काढणार. दिसतो फक्त हॉलमधला फोटो. तीन भाग साधा, चौथ्यात हार घातलेला.

हेही पहाटे मोटर लावायचे आणि खोकायचे. पण घरमालक सगळे सारखेच असतात.

मिनलला सुचवलं, त्याला मारायची काही गरज नाही. गावाला गेला असं दाखव. ती म्हणाली, मग चौथा भाग कशाचा करायचा काकू. मी तिच्यावर सोपवलं. बदलेल ती, मला वाटतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बदललं नाही. उलट फोटो मागायला आली. दारात चप्पल काढून पुन्हा घातली, पुन्हा काढली. शेवटी म्हणाली, "काकू, कोणता बी फोटो लावला तं नकली दिसते. काकांचा चालंल का? तुमाले बरं वाटत असंल तरच."

ह्यांचा फोटो हॉलमध्ये आहेच. निवृत्तीच्या दिवशीचा. खांद्यावर शाल, तोंड घट्ट मिटलेलं, कारण आदल्याच दिवशी समोरचा दात काढला होता. सगळे म्हणतात किती गंभीर आहेत.

हारही आहे. चंदनाचा. वर्षश्राद्धाला वैभवने आणला, तेव्हापासून कपाटात कागदात गुंडाळून आहे. घातला नाही याला कारण आहे. खिळा कच्चा आहे. फोटोचंच वजन त्याला पेलत नाही, त्यात हार. हे मी वैभवला सांगितलं, शेजारच्या यमुताईंनाही सांगितलं. शिवाय हारामागे पाली घर करतात. यमुताई म्हणाल्या, गेलेल्या माणसाचा फोटो असा बोडका बरा दिसत नाही वं भागीरथा. त्या खिळ्याचा विचार करत नाहीत.

मिनलला म्हटलं, सीनपुरता चालेल. तेवढा वेळ खिळा धरेल.

ह्यांना आवडलंच असतं. कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी नाटक असायचं आणि मरणारं पात्र दरवर्षी ह्यांनाच द्यायचे. कधी हवालदार, कधी सावकार. ईश्वरदाससारखं निपचित कोणी पडत नाही असं नाव होतं. दुसऱ्या अंकात मरायचे आणि पडदा पडायच्या आधीच मागच्या बाजूने घरी यायचे. तोंडाला रंग तसाच. म्हणायचे, मेलो एकदाचा, भाकर वाढ.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिलं शूटिंग आणि तेही चौथ्या भागाचं. काजलच्या मावसबहिणीचं लग्न आहे, परवा हिच्या हाताला मेंदी लागणार. दुखवट्याच्या सीनमध्ये मेंदी चालत नाही. म्हणून मरण आधी उरकायचं, जगणं नंतर. शूटिंगची ही पद्धत मला फार पटली.

सीनमध्ये तिघंही आहेत. एरवी जो सीनमध्ये नसतो तो कॅमेरा सांभाळतो. कॅमेरा म्हणजे पिंटूचा मोबाईल, तिपाईवर बसवलेला. आज सांभाळायला कोणी उरलं नाही, म्हणून जबाबदारी माझ्यावर. लाल गोल एकदा दाबला की सुरू, पुन्हा दाबला की बंद. मिनल म्हणाली, मी चालू म्हटलं की दाबा, झालं म्हटलं की दाबा. यात न समजण्यासारखं काय आहे. तिघं कपडे बदलायला वर गेली तेव्हा मी एकदा दाबून खात्री करून घेतली. चालत होता. मग स्टुलावर चढून हार घातला.

सीन असा की तिघं चटईवर बसतात, फोटोकडे पाहतात, काय बोलावं कळत नाही. पिंटूला मध्येच हसू फुटलं. तो दाबत होता, दाबत होता, आणि त्या हसण्याचंच रडू झालं. काजलने त्याचा हात धरला. कागदावर असं काही नव्हतं. त्या पोराला एवढं येत असेल असं वाटलं नव्हतं.

झालं म्हटल्यावर दाबलं. तिघं चहाला वर गेली. मी लगेच हार काढून कागदात ठेवला. ह्यांच्याशी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

मोबाईल न्यायला आला तेव्हा पिंटू म्हणाला, काकू, मोठी फाइल आली. मनात म्हटलं, येणारच.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या भागाचं शूटिंग. हार नाही. म्हणजे हे आहेत. पिंटू स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहून खोकला. हुबेहूब नाही जमत त्याला. ह्यांचा खोकला आधी एक लहान, मग दोन मोठे असा होता. शिकवला. आता जमतो. मी आत पोळ्या करत होते आणि तो बाहेर खोकत होता. पोळी करपली.

दुपारी पाटोडी-रस्सा केला, बेसनाच्या वड्यांचा. भिवापूरची मिरची, जवस, वरून तर्री. मुलांनी पोटभर खाल्लं आणि हॉलमध्ये आडवी झाली ती उन्हं उतरेपर्यंत. उजेड गेला, अर्धा भाग राहिला. अशक्तपणा आहे आजच्या मुलांत.

वैभवला कळवलं, काम लांबतं आहे.

१ डिसेंबर, रविवार

आज हलकं जेवण द्यायचं ठरवलं होतं. वडाभात केला, भातावर तळलेले वडे आणि फोडणीचं तेल. पुन्हा झोपली.

८ डिसेंबर, रविवार

राहिलेला अर्धा भाग आज संपायचा होता. सीन मागच्याच खोलीत, त्याच पलंगावर, म्हणून सगळं जसंच्या तसं हवं. याला कंटिन्युइटी म्हणतात. पण पलंगावरची निळी चादर मळली होती, ती मी सकाळी भिजवली. मिनल चादरीकडे पाहत राहिली. मग पिंटूने विचारलं, काकू, आजच काहून? मी म्हटलं, मळलेली चादर कोणत्या दिवशी धुवायची असते गा?

मागचा सीन पिवळ्या चादरीवर पुन्हा करावा लागला, जमला तेवढा. त्याला माझा इलाज नाही. घर स्वच्छ ठेवावंच लागतं.

वैभव म्हणाला, तिकीट डिसेंबरचं काढू की नंतरचं. म्हटलं, माझ्याशिवाय इथे यांचं पान हलत नाही, संक्रांतीनंतर पाहू.

१५ डिसेंबर, रविवार

मला भूमिका मिळाली. मी मागितली नव्हती. फक्त म्हटलं होतं की घरमालक आहे तर घरमालकीण कुठे आहे, एवढा मोठा दोष राहू नये. मिनलने एक वाक्य लिहिलं. आतून येऊन ओरडायचं, ‘नळ बंद करा न वं पोट्ट्यांनो’.

तीन दिवस तयारी केली. ऐन वेळी कॅमेऱ्यासमोर तोंडून निघालं, "कृपया नळ बंद करावा." काजल खाली बसून हसली. मिनल म्हणाली, काकू, रोज ओरडता तसं ओरडा. मी रोज ओरडत नाही. सहाव्या वेळी जमलं. तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. मिनल म्हणाली, चालते, खरं वाटते.

ह्यांच्या फोटोखाली उभं राहून बोलले. नाटकात मी कधी नव्हते, हेच असायचे. आता एका सीनमध्ये दोघं आलो.

२९ डिसेंबर, रविवार

थंडी. ह्यांचा कथ्था रंगाचा स्वेटर पिंटूला दिला. लोकरीला हवा लागली नाही तर कसर लागते. परत द्यायची घाई नाही असं सांगितलं. तो म्हणाला, काकू, हा काकांचा न? म्हटलं, कंटिन्युइटीला पाहिजे. तो घालून बसला. बाह्या आखूड होतात त्याला.

तिसरा भाग संपला. म्हणजे शूटिंग संपलं असं मिनल म्हणते. मी म्हटलं, घाई करू नका, एकदा सगळं नीट पाहा. काहीतरी राहिलं असणारच.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

यमुताईंकडे हळदीकुंकू होतं. फाटकावरून बायका जाताना दिसत होत्या. मी गेले नाही. शूटिंगचं पुढचं काम आहे, त्यात कुठे जाणार. त्यांनी बोलावलंही नाही, कारण त्यांना माहीत आहे मी कामात असते.

मिनलला बोलावलं होतं. तिला वाण मिळालं, स्टीलची गाळणी. ती येताना माझ्या ओट्यावर ठेवून गेली. माझ्याकडे आहे म्हटलं तरी ठेवून गेली.

सकाळी यमुताईंनी भिंतीवरून तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाल्या. बोलले.

१९ जानेवारी, रविवार

राहिलं होतं. म्हटलं होतं मी.

मिनल लॅपटॉपवर चौथा भाग जोडायला बसली तर दुखवट्याचा सीनच नाही. फाइल आहे, मोठीच आहे, पण सीन नाही. मला बोलवायला खाली आली, वर चला काकू म्हणाली, पडद्यावर दाखवलं. आधी माझे पाय आणि स्टूल. हार हातात घेऊन मी स्टुलावर उभी. बराच वेळ काहीच होत नाही, मी तशीच उभी. मग हार घातला आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्या केल्या. मग मिनलचा आवाज, चालू. आणि तिथेच बंद.

मग लगेच पुढचं. तिघं उठून जाताना. मग पुन्हा मी आणि स्टूल.

एवढं दाखवून पिंटू हसला, काकूनं उलटंच दाबलं बे सगळं. काजलही हसली. मग त्यातून माझा आवाज आला.

"झालं जी तुमचं मरण. उतरा आता. भाकर थंडी होऊन राहिली."

मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. मशीनमध्ये आवाज इकडचे तिकडे होत असतील.

मुलांना फार राग आला असावा. मिनलने लॅपटॉप मिटला. काजल खिडकीशी जाऊन उभी राहिली. पिंटू खाली आला आणि माझी दुपारची सगळी भांडी घासून गेला. बोलायचं नसलं की माणूस असं काहीतरी करतो.

सीन पुन्हा करायचा ठरला. बटणाचा दोष म्हणायचा. माझा पहिला दाब तर बरोबरच होता.

२६ जानेवारी, रविवार

पुन्हा हार. बटण या वेळी पिंटूने आधीच सुरू करून ठेवलं आणि मला नुसतं जवळ उभं केलं. तुमी फक्त पाहा काकू, तुमचं पाहणं महत्त्वाचं, म्हणाला. हे खरं आहे.

काजलचं लग्न ठरलं आहे, भिवापूरला जाणार. आज शेवटचं शूटिंग म्हणून ती सकाळपासून थोड्या थोड्या वेळाने कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात टपली मारत होती. पिंटूला या वेळी हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. नुसता फोटोकडे पाहत बसला. ह्यांचा स्वेटर घालून. मिनल म्हणाली, तेवढं चालेल.

फोटोचा एक क्लोजअप राहिला. जवळून घ्यायचा, हारासकट. उजेड गेला. पिंटू म्हणाला, "हार काढू नका काकू, उद्या सकाळी पाळीवर जाण्याआधी येऊन घेतो. पाच मिनिटांचं काम आहे."

एक रात्र खिळा धरेल.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी लवकर आवरून बसले. पिंटू आला नाही. पाळी बदलली म्हणे.

२८ जानेवारी, मंगळवार

क्लोजअप बाकी. हार तसाच. कंटिन्युइटी मोडायची नाही हे आता मला कळतं. फोटो पुसतानाही हाराला हात लावला नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

यमुताई पीठ मागायला आल्या. फोटोकडे पाहून पदर सावरला. बरं केलं वं, म्हणाल्या. मी सांगितलं, शूटिंगचं आहे, उद्या निघेल. त्या म्हणाल्या, बरं. पीठ न घेताच गेल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वैभवला सांगितलं, क्लोजअप बाकी आहे. त्याने विचारलं, किती वेळाचं काम असते ते आई? म्हटलं, ते सांगता येत नाही, उजेडावर असतं. तो म्हणाला, जून करू का मग? त्याच्या आवाजात चिडणं नव्हतं. त्यापेक्षा चिडला असता तर उत्तर देता आलं असतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मिनल जाते आहे. इंदूरला नोकरी लागली, जाहिराती लिहायची. सामान फार नाही, एक गादी, लॅपटॉप, पुस्तकं. पुस्तकांतली दोन मला देऊन गेली. मी तिला बजावलं, तिथे भाजी रोज घेत जा, तुझ्या कथेतल्यासारखं करू नको.

जाताना पायाशी वाकली आणि तशीच खाली बसली. म्हणाली, "काकू, क्लोजअप नको आता. तुमचा तो तुकडा आहे न, स्टुलावरचा. तो लावू का शेवटी? तुमी नाई म्हटलं तं आत्ता पुसून टाकतो."

मी म्हटलं, त्यात काय आहे लावण्यासारखं, पायच तर दिसतात. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी मले ताप आला होता तं काकांनी बादलीनं पाणी वर आणून दिलं होतं. मोटर बिघडली होती. तुमी तेव्हा उमरेडले माहेरी होत्या. मी त्याच्याचसाठी लिहिलं हे सगळं."

हे मला माहीत नव्हतं. ह्यांनी सांगितलं नाही. मी परतले तेव्हा गुडघा दुखतो म्हणून तेल मागत होते, एवढं आठवतं.

लाव म्हटलं. दुसरं काही नसेल तर लाव.

जिन्यावरून उतरताना म्हणाली, "हार काढला तरी चालते आता काकू."

१० फेब्रुवारी, सोमवार

हार काढायचा होता. पाठ धरली आहे. उद्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. या वयात पडले तर वैभवला धावत यावं लागेल. सुतार पाहून मग काढीन.

वरची खोली झाडून घेतली. भिंतीवर पिंटूने पेन्सिलीने लिहिलं आहे, दिवे बंद करा. पुसलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

रविवार असून कोणी नाही. पाटोडी केली, सवयीने जास्त झाली. दोन दिवस खाल्ली तर संपेल.

टाकी भरायची गरज उरली नाही. तरी पहाटे मोटर लावली. वापरली नाही तर जाम होते.

२ मार्च, रविवार

‘वरच्या खोलीतले’ आली. पिंटूने मोबाईलवर लिंक पाठवली आणि कसं पाहायचं ते फोनवर समजावलं. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ओट्यापाशी बसून पाहिलं.

पहिले तीन भाग हसायचे आहेत. मी हसले. माझं वाक्य कुकरच्या शिट्टीत गेलं, नुसतं ‘पोट्ट्यांनो’ ऐकू येतं. खोकला उत्तम झाला आहे. निळी चादर मध्येच पिवळी होते, ते कोणाच्या लक्षात येणार नाही.

चौथा भाग. टाकी रिकामी. तिघं चटईवर. मग पडदा काळा होतो आणि काळ्यातून स्टूल येतं. एक बाई चढते. तिची टाच भेगाळलेली आहे. हार काढते, पण आधी हाताच्या उलट्या बाजूने फोटोची काच पुसते, जसं तापातल्या माणसाचं कपाळ पाहतात तसं. मी असं करते हे मला ठाऊक नव्हतं. मग ती बोलते. यंत्राचा दोष नाही. आवाज माझाच आहे.

मग नावं. कॅमेरा, भागीरथाकाकू.

मोबाईल बंद करायला हात नेला तोच वैभवचा फोन. पिंटूने त्यालाही पाठवली होती. पाहिलं आई, म्हणाला. मग विचारलं, "तू बाबांशी बोलते?"

"सीनपुरतं," म्हटलं.

मागून मयुरी काही विचारत होती, तिला तो थांब म्हणाला. मग म्हणाला, "हॉलमधली एक भिंत रिकामी ठेवली आहे आम्ही, आई. केव्हाची. उद्या तिथं खिळा ठोकून ठेवतो."

मी शूटिंगचं काही सांगणार होते. सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"पक्का ठोकजो," म्हटलं. "हारासगट वजन होते."

९ मार्च, रविवार

तिकीट आलं, पुढच्या रविवारचं. खालची सीट आहे. वैभव स्वतः न्यायला येणार आहे.

पिंटू स्वेटर परत द्यायला आला, धुऊन, इस्त्री करून. राहू दे म्हटलं. त्याने स्टूल धरतो, फोटो काढून देतो असं म्हटलं. स्टूल डुगडुगत नव्हतं. मीच चढले. हार न काढता फोटो उतरवला, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळला. भिंतीवर चौकोन उरला आहे, बाकी रंगापेक्षा उजळ.

वर चढलेच होते म्हणून खिळा हलवून पाहिला. दोन्ही हातांनी पाहिला. पक्का आहे.

पहिल्यापासून पक्का होता.